मदत हवी आहे: स्वतःचीच टर उडवणाऱ्या नम्र माणसाला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत एक काकाजी आहेत, पेटी दुरुस्त करतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी. गल्लीनं सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं माझ्या गळ्यात पडलं (मराठीत एम.ए. केल्याची शिक्षा). तीन दिवस झाले, लिहून राहिलो अन् फाडून राहिलो.

'नम्र', 'विनयशील', 'निगर्वी' लिहिलं की दुसऱ्याच कुणाचं वर्णन वाटतं. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर पुढाऱ्यांना हेच शब्द लावलेले असतात. काकाजींची नम्रता मान खाली घालून बसत नाही. ती समोरच्याला हसवते आणि तेवढ्यात स्वतः बाजूला सरकते.

मागच्या आठवड्यातलं सांगतो. एक बाई पेटी घेऊन आल्या, वरच्या सप्तकातला एक सूर उतरला होता. काकाजींनी झाकण काढलं, पितळी जिभेच्या टोकाशी कानस हलकेच दोनदा फिरवली. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. भाता दाबला, डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एक हात. जुळला. मोबाइल नाही, यंत्र नाही. बाई म्हणाल्या, "काय कान आहे हो तुमचा!" तर म्हणे, "कान देवाचा, कानस बाजारातली. माझं काय बाप्पा? मी उगाच मधात बसलो आहो."

या वागण्याला शब्द हवा. 'भिडस्त', 'बुजरा', 'मुखदुर्बळ' चालणार नाहीत, तोंडानं चांगले तिखट आहेत. न्यूनगंड तर नाहीच. मजुरीत एक रुपया सोडत नाहीत. मोबाइलला 'सेल्फ-डेप्रिकेटिंग' या इंग्रजी शब्दाचं भाषांतर विचारलं, तर त्यानं 'स्वतःचे अवमूल्यन करणारा' असं दिलं. रुपया घसरल्याची बातमी वाचून राहिलो असं वाटलं.

कडबाकुट्टी: आत्मविडंबन? आत्मोपहास?

धागाकर्ता: अर्थ जवळचा आहे, पण हे समीक्षेतले शब्द. गल्लीत मोठ्यानं वाचायचे आहेत हो. आत्मोपहास ऐकून मागच्या रांगेतला माणूस उपाहार समजून उठेल.

लिंबाची सावली: तुम्ही विशेषण शोधताय, मराठीनं ही गोष्ट क्रियापदात ठेवली आहे. कमीपणा घेणे. 'आपल्याकडे कमीपणा घेणारा माणूस' म्हटलं की कुणालाही कळतं, आणि त्यात दुबळेपणा येत नाही, कारण घेणारा आपणहून घेतो.

दुसरं, आपल्याकडे असं बोलायची रीतच आहे. बंगला असतो पण 'गरिबाच्या झोपडीत या', पंगतीत चार गोड पदार्थ असतात पण 'मीठभाकर खायला या', आहेर 'फूल ना फुलाची पाकळी', घरून नेलेला डबा 'सुदाम्याचे पोहे'. पण हे शिष्टाचार झाले. पाहुण्यानं खरंच 'झोपडी बरी आहे' म्हटलं तर यजमानाचं तोंड उतरतं. काकाजींना कुणी 'खरंच, तुम्ही काही केलं नाही' म्हटलं तर ते काय करतील?

धागाकर्ता: हसतील. आणि मजुरी मागतील.

लिंबाची सावली: मग त्यांचं खरं आहे.

तर्रीवाला: मानभावी कसं वाटतं? भारदस्त आहे.

जुना वाडा: नको, नको! मानभावी म्हणजे वरून गोड, आतून कपटी. शिवाय तो शब्द महानुभाव पंथाच्या नावावरूनच हिणकस अर्थानं रुळला. पंथाचं रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात. सत्काराला पंथातलं कुणी बसलेलं असलं तर काय तोंड दाखवाल? 'साळसूद'ही त्याच कारणानं टाळा, त्यातही संशय आहे.

मला विचाराल तर 'अमानी', म्हणजे मानाची हाव नसलेला. गीतेच्या 13 व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच येतं ते अमानित्व. ज्ञानेश्वरीत त्यावर फार सुंदर आहे: बृहस्पतीएवढी सर्वज्ञता मिळाली तरी असा माणूस मोठेपणाच्या भीतीनं वेडेपणात दडतो. तुमचे काकाजी विनोदात दडतात, एवढाच फरक. आणि ते कानसचं वाक्य तर थेट तुकोबांच्या घरचं आहे. माल धन्याचा, 'मी तंव हमाल भारवाही'.

नाव_नको: लांब कशाला जाता? आपले तुकडोजी महाराज घ्या. मूळ नाव माणिक, गुरू आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं आणि त्यांनी ते नाव जन्मभर मिरवलं, भजनांत स्वतःला तुकड्यादास म्हणवून घेतलं. आज अख्ख्या नागपूर विद्यापीठाला त्या 'तुकड्या'चं नाव आहे. मानपत्रात हे टाका, विदर्भातल्या माणसाला लगेच भिडेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल 'अमानी' घालून मसुदा केला आणि काकूंना दाखवायला गेलो. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचू लागलो. काकाजी आत भाता चिकटवत होते, तिथूनच ओरडले, "अमानी म्हणजे काय बे? अमानत? गहाण ठेवता का मले?" पुढचा परिच्छेद ऐकून बाहेरच आले. "इतकं चांगलं तर माणूस गेल्यावर लिहितात. मी आहो ना अजून?" काकू हसून हसून खाली बसल्या.

तर 'अमानी' काढला. तुकड्यादास ठेवला. कानसचं वाक्य सगळ्यात वर, त्यांच्याच शब्दांत. एकच ओळ अडली आहे: 'कमीपणा घेणारा' बरं की 'मोठेपणा अंगाला लावून न घेणारा'? दुसरं लांब आहे आणि फ्रेमवाला उद्या दुपारी मजकूर मागतो. रात्रीपर्यंत सांगा.

लिंबाची सावली: पहिलं. फ्रेमची रुंदी पाहा ना.