मदत हवी आहे: काँक्रिटीकरणाआधी नळजोडण्या बदलून घ्यायच्या आहेत, पत्रात काय लिहू?

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका लहान शहरात राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली आणि इतक्या वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर आमच्या प्रभागाला पुन्हा नगरसेवक मिळाले. आमच्या नगरसेविका ताई दर रविवारी ग्रुपवर प्रभागातल्या कामांची यादी टाकतात, फोटोंसह. कुठले पथदिवे लागले, कुठल्या गटारीवर ढापे बसले, घंटागाडी किती वाजता येणार. मला याचं खरंच मोल वाटतं. आधी जेसीबी दारात येऊन उभा राहिला की मगच कळायचं.

गेल्या रविवारच्या यादीत आमच्या गल्लीपुढे लिहिलं होतं: जलवाहिनी, काम पूर्ण. काँक्रिटीकरण, पुढच्या आठवड्यात सुरू.

पाइप टाकून झालाय, हे खरं. पण गल्लीतल्या २२ घरांपैकी फक्त ६ घरांचे नळ नव्या लाइनवर आलेत. बाकी १६ घरं अजून जुन्याच लाइनवर आहेत आणि ती रस्त्याच्या मधोमध जाते. नव्या लाइनमध्ये दाबाने पाणी सोडून तपासणीही झालेली नाही. म्हणजे काँक्रीट झाल्यावर या १६ घरांसाठी नवाकोरा रस्ता फोडावा लागणार.

शिवाय चारी खोदताना निघालेली काळी मातीच परत ढकलून बुजवलीय. मुरूम नाही, रोलर नाही. परवा संध्याकाळी मी त्यावर पहार टेकवून जरा जोर दिला, तर ती हातभर आत गेली. आपली काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. वरचं काँक्रीट तिच्यावर किती तग धरणार?

ताईंना भेटलो. त्यांनी टाळलं नाही, स्वतः येऊन चारी पाहिली. अडचण अशी की पाइपचं काम एका ठेकेदाराकडे, रस्त्याचं दुसऱ्याकडे, निधीही वेगळा, आणि रस्तेवाल्याला मुदतीत काम संपवायचंय. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लेखी द्या, मी मुख्याधिकाऱ्यांपुढे मांडते." म्हणून इथे विचारतोय.

या पत्रात नेमकं काय मागावं? मला सुचलेलं असं: सगळ्या जोडण्या नव्या लाइनवर घेऊन पाणी सोडून बघेपर्यंत काँक्रीट थांबवावं, चारी मुरूम टाकून दाबून घ्यावी, आणि थांबणं शक्यच नसेल तर निदान प्रत्येक घरासमोर रस्त्याखालून एकेक आडवा पाइप टाकून ठेवावा, म्हणजे पुढे फोडाफोड टळेल. हा आडव्या पाइपचा उपाय कोणी केलाय का? पुरेसा ठरतो का? अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेशाची प्रत याच पत्रात मागावी की वेगळा अर्ज द्यावा?

माहिती अधिकाराचा विचार केला. २००५ च्या त्या कायद्याने कामाची पाहणी करता येते, साहित्याचे नमुनेही घेता येतात. पण उत्तराला ३० दिवस, आणि काँक्रीट आठवड्यावर आलंय. तो अर्ज नंतरसाठी ठेवतो.

दुसरी शंका दोषदायित्व कालावधीची, म्हणजे काम झाल्यावर ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो तिची. जोडणीसाठी रस्ता फोडला गेला तर ठेकेदार 'आम्ही फोडला नाही' म्हणून हात झटकू शकतो का?

पाण्याचाही प्रश्न आहेच. पारा ४४ वर आणि नळाला पाणी चौथ्या दिवशी. काँक्रीटला एरवी किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, अशा उन्हात दहा. गोणपाट ओले ठेवायला टँकर कोण आणणार, हे अंदाजपत्रकात धरलेलं असतं का?

शेवटचं, आणि मला हेच सगळ्यात अवघड जातंय. शेजारचे नाना सही द्यायला तयार नाहीत. "पहिले रस्ता होऊ दे, नळाचं मग पाहू. श्रावणात कानबाई बसवायची, बायकांनी डोक्यावर कानबाई घेऊन चिखलातून चालायचं का?" असं त्यांचं म्हणणं. (कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी.) चार पावसाळे त्या चिखलातून गेल्यावर त्यांना मी चूक कसं म्हणू? सोळापैकी नऊ घरांच्या सह्या झाल्यात. नाना 'हो' म्हणाले की उरलेलेही करतील. त्यांच्या वयाच्या माणसाला पटेल असं कसं मांडावं, तेही सुचवा. पत्र सोमवारी सकाळी द्यायचंय.