मदत हवी आहे: कुल्ल्यातून पायात उतरणारी कळ, आधी ऑर्थोकडे जावं की न्यूरोकडे?

नमस्कार मंडळी. दिचोलीच्या आमच्या वहिनींसाठी (वय ४६) विचारतोय. कळ डाव्या कुल्ल्यातून निघून पोटरीच्या बाहेरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, पावलाचा वरचा भाग बधिर वाटतो. खोकलं, शिंकलं की वाढते. उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलला, तर ४० अंशांच्या आसपासच पोटरीत कळ येते. ही लक्षणं कमरेच्या पाचव्या मणक्याच्या नसेवर दाब असल्यासारखी आहेत. फक्त बसल्यावर कुल्ला दुखला असता, तर तिथल्या स्नायूचा संशय आधी घेतला असता.

टाचांवर चालता येतं, लघवी-शौचावर ताबा आहे, जांघेत बधिरपणा नाही. यातलं एक जरी बिघडलं तर ओपीडीची वाट न पाहता बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत न्यायचं, हे घरी सांगून ठेवलंय. तूर्त एमआरआयची घाई नको असं मला वाटतं. असं दुखणं बहुतेकदा ६ ते १२ आठवड्यांत गोळ्या-व्यायामाने उतरतं.

माझा कल मणक्याचं काम करणाऱ्या ऑर्थोकडे आहे. दोन्ही तळव्यांत मुंग्या किंवा मधुमेह असता तर न्यूरोलॉजिस्ट गाठला असता. पाऊल लुळं पडलं तर मात्र तातडीने न्यूरोसर्जन किंवा मणक्याचा सर्जन.

गोमेकॉत मणक्यासाठी ऑर्थोची वेगळी ओपीडी असते का, कुठल्या वारी? म्हापशाच्या जिल्हा इस्पितळातून चिठ्ठी न्यावी लागते का? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.