चवथीच्या रजा आणि पॅकिंग लाइन

शिफ्टवाला_वेर्णा: पॅकिंगला २४ माणसं, दोन शिफ्ट, प्रत्येकीला किमान ७ हवीत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, रजेचे १५ अर्ज आलेत. नाही कुणाला म्हणायचं?

माटोळी: आधी प्रत्येकाला विचारा, गणपती दीड दिवसाचा की पाच, आणि मूळ घर कुठे. मग तारखांचा तक्ता मांडा. अडचण बहुधा चवथ आणि दुसरा दिवस एवढीच निघेल. त्या दोन दिवशी एकच शिफ्ट: उरलेल्या ९ पैकी ७ लाइनवर, २ राखीव. बुडालेली शिफ्ट आधीच्या दोन आठवड्यांत भरून काढा. ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि साप्ताहिक सुट्टी खाऊ नका. तिसऱ्या दिवसापासूनही माणसं कमी पडली, तरच गेल्या वर्षी कुणाला रजा मिळाली ते रजिस्टरात बघा. ‘पहिला अर्ज त्याला रजा’ हा नियम नको. रात्रपाळीवाला नेहमी मागे पडतो.

फोंडेकर: अदलाबदल करा. चवथीला थांबणाऱ्याला नाताळची रजा पक्की, पण लेखी, सहीनिशी. तोंडी शब्द डिसेंबरात कुणाला आठवत नाही. आणि ख्रिस्ती कामगार थांबतीलच असं गृहीत धरू नका, विचारा.

साळ_नदी: नकार व्हॉट्सॲप ग्रुपवर देऊ नका. एकेकाला बोलावून कारण आणि पर्यायी तारीख सांगा. ‘बघूया’ तर मुळीच नको. त्याला माणूस होकार समजतो, कदंब बसचं तिकीट काढतो, आणि ऐनवेळी नाही ऐकलं की सकाळी आजारपणाचा मेसेज येतो.