'चेस' स्वीडिशमध्ये: नाटक सापडलं की धार गेली?

तिसरी घंटा
माझं म्हणणं आधीच सांगते. 'चेस' ही संगीतिका लिहिली गेली इंग्रजीत, पण नाटक म्हणून ती उभी राहिली 2002 साली स्टॉकहोमच्या 'सिर्कुस' थिएटरात, स्वीडिशमध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगीत 'आब्बा' या स्वीडिश पॉप गटाच्या बेनी अँडरसन आणि ब्योर्न उल्वेयसचं, इंग्रजी पदं टिम राइसची. 1984 ला आधी नुसता अल्बम आला, 1986 ला लंडनचा प्रयोग, 1988 ला ब्रॉडवे. ब्रॉडवेवर 68 प्रयोगांत गाशा गुंडाळला. गोष्ट शीतयुद्धातली. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी अमेरिकन फ्रेडी आणि रशियन अनातोली समोरासमोर. फ्रेडीची साहाय्यक फ्लोरेन्स हंगेरीत जन्मलेली, तिचे वडील 1956 च्या बुडापेस्टमधल्या सोविएतविरोधी उठावात हरवलेले. ती अनातोलीच्या प्रेमात पडते, तो देश सोडतो, मागे बायको स्वेतलाना राहते.

लंडनमध्ये ही स्वेतलाना उत्तरार्धात उगवते, एक द्वंद्वगीत गाते आणि शेवटाकडे नवऱ्याला जाब विचारते. म्हणजे ज्या बाईला टाकून नायक गेला, तिची ओळख आपल्याला मध्यंतरानंतर! स्वीडिश संहितेत (दिग्दर्शक लार्स रुडोल्फसन) तिला स्वतःचं नवं पद मिळालं: 'हान एर एन मान, हान एर एत बार्न', म्हणजे 'तो पुरुष आहे, तो मूल आहे'. योसेफिन निल्सनने ते असं गायलंय की नंतर फ्लोरेन्स आणि अनातोलीकडे निर्मळ मनाने बघताच येत नाही. तिला साहाय्यक भूमिकेचं गुल्डमास्केन, म्हणजे तिकडचं मानाचं नाट्यपारितोषिक, मिळालं.

अडीच घरं
असहमत, आणि जोरात असहमत. स्वीडिश 'चेस' म्हणजे 'प्रेमकथेकडे परत', हे कौतुक म्हणून सांगितलं जातं, पण त्यात राजकारणाचा पटच उचलून ठेवला जातो त्याचं काय?

हे नाटक हवेतून आलेलं नाही. पहिला अंक इटलीतल्या मेरानोत घडतो. मेरानोतच 1981 ला सोविएत जगज्जेता कार्पोव आणि सोविएत संघ सोडून आलेला कोर्चनॉय जगज्जेतेपदासाठी खेळले. कोर्चनॉय 1976 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला स्पर्धेसाठी गेला आणि परतलाच नाही. बायको-मुलगा सोविएत संघातच अडकले. लढत चालू असताना ते अजून आतच होते. तेव्हा स्वेतलाना ही कुणा नवऱ्याची दुःखी बायको नाही, ती ओलीस आहे, शुद्ध प्यादं. तिला हळवं पद दिलं की प्रेक्षक 'बिचारी' म्हणतो आणि तिला पुढे सरकवणारा हात विसरतो.

दुसरं म्हणजे टिम राइसचा तिरकसपणा. दोन्ही संघांचे लोक नियमांवरून एकमेकांच्या अंगावर धावतात त्या चौकडीच्या गाण्यात तो मुद्दाम 'डेकोरम' आणि 'ट्रँक्विलिटी' असले सरकारी पत्रकातले शब्द घालतो. आपल्याकडे भांडणाच्या ऐन भरात कोणी 'सौहार्दपूर्ण वातावरणात' म्हणावं, तशी ती खोच. उल्वेयसची स्वीडिश पदं मला साधी, सरळ, घरगुती वाटतात. चटका देतात, चिमटा काढत नाहीत.

काळी पाच
दोघंही अर्थावर बोलताय. मी गळ्याकडून येतो.

'आय नो हिम सो वेल' हे दोन बायकांचं प्रसिद्ध गाणं घ्या. पाच अक्षरं. स्वीडिशमध्ये 'याग वेत वाद हान विल'. मोजा, पाचच. शेवटचा शब्द तिकडे 'वेल', इकडे 'विल'. दोन्हींत स्वर ऱ्हस्व, दोन्ही 'ल'वर मिटतात. गायिकेचं तोंड जवळजवळ त्याच आकारात राहतं. याला म्हणतात चालीवर शब्द बसवणं.

आता अडचण. स्वीडिशमध्ये स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ फिरतो. 'ग्लास' दीर्घ म्हटलं तर पेला, आखूड म्हणून 'स' दाबला तर आइस्क्रीम. गाण्यात शेवटचा सूर लांबवावाच लागतो, मग 'विल' (त्याला हवंय) मधला आखूड 'इ' ताणायचा कसा? 'वीऽऽल' केलं की कानाला विसाव्याच्या शब्दाचा भास होतो. उपाय असा, की लांबी वाढवायची पण स्वराची जात बदलू द्यायची नाही: जबडा किंचित सैल, जीभ 'ई'पर्यंत चढू न देता 'इ' आणि 'ए'च्या मधे धरायची, आणि 'ल' अगदी शेवटच्या क्षणी लावायचा. 'ल' लवकर लावला तर सूर कोंडतो. हेलेन श्योहोल्मची फ्लोरेन्स ऐका, एकदाही कोंडत नाही.

उलट उदाहरणही आहे. 'व्हेअर आय वाँट टू बी' पाच अक्षरं, शेवट 'बी'वर ठाम. स्वीडिश 'देर याग विल्ले वारा' सहा अक्षरं, शेवट 'रा' या दुबळ्या अक्षरावर. एक सूर फोडावा लागतो आणि टोक बोथट होतं. अनातोलीच्या थकव्याला ते शोभतं म्हणा.

तिसरी घंटा
@काळी पाच, शेवटच्या वाक्यात तुम्ही माझीच बाजू मांडलीत. त्या ओळीत काळही बदललाय: 'मला जिथे असायचंय' नाही, 'मला जिथे असायचं होतं'. एका क्रियापदात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला.

@अडीच घरं, कोर्चनॉयचा मुद्दा मान्य. पण ओलीस धरलेल्या माणसाला तोंड दिलं तर राजकारण कमी कसं होतं? प्यादं बोललं की डाव मोडतो का?

विंगेतून
वयाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून.

टॉमी कोर्बर्गने 1984 च्या अल्बमवर अनातोली गायला, 1986 ला लंडनमध्ये तोच, आणि 2002 ला पुन्हा तोच. जन्म 1948. लंडनची फ्लोरेन्स, एलेन पेज, तिचाही जन्म 1948 चा. म्हणजे तिथे दोन समवयस्क, अडतिशीतली शहाणी माणसं प्रेमात पडतात. स्टॉकहोमला तो 53 चा आणि श्योहोल्म 31 ची. स्वेतलानाही तिच्याच वयाची. भाषा बाजूला ठेवा, नुसत्या या आकड्यांनी नाटकाचा अर्थ हलतो. फ्लोरेन्सला वडील नाहीत, ती वडिलांच्या वयाच्या माणसाकडे ओढली जाते. संहितेत हे ठळक केलेलं नसलं तरी डोळ्यांना दिसतंच.

आणि उच्चार. लंडनमध्ये कोर्बर्ग परक्या भाषेत गात होता, इंग्रजीवर किंचित परकी झाक. रशियन पात्राला ती फुकटात मिळाली. स्वीडिशमध्ये तो घरचा झाला, फ्रेडी झालेला अँडर्स एकबोर्गही घरचा. परकेपणा दाखवायला मग अंगच उरतं: कोण ऐसपैस पाय पसरून बसतो, कोण कोटाची बटणं लावूनच उभा राहतो.

अडीच घरं
@विंगेतून, हेच तर म्हणतोय! परकेपणा हा या नाटकाचा कणा. सगळे एकाच मायबोलीत बोलायला लागले की दोन महासत्ता कुठल्या आणि कसलं काय.

विंगेतून
इंग्रजीत तरी रशियन लोक आपसात इंग्रजीच बोलतात ना? हा संकेत प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत गिळतो. उलट स्वीडन शीतयुद्धात कुठल्याच गोटात नव्हता. लंडन किंवा न्यूयॉर्कचा प्रेक्षक आपसूक एका बाजूला बसतो. स्टॉकहोमच्या प्रेक्षकाला फ्रेडी आणि अनातोली सारख्याच अंतरावर. त्याचा फायदा फ्रेडीला झाला. त्याच्या बालपणाचं पद स्वीडिशमध्ये 'वेम सेर एत बार्न' होतं, 'मुलाकडे कोण बघतं'. आणि स्वेतलानाच्या पदातही शेवटी तेच 'बार्न', मूल. दोन प्रतिस्पर्धी, दोघंही मुलंच. इंग्रजी संहितेत हा धागा नाही.

तिसरी घंटा
हे 'बार्न'चं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान गए.

मात्रावृत्त
अनुवादाच्या बाजूने एक गोष्ट. एरवी संगीतिकेचं भाषांतर करणाऱ्याला चालीला हात लावायची मुभा नसते. सूर तेवढेच, जोर तिथेच, त्यात बसव. इथे स्वीडिश पदं करणारा उल्वेयस स्वतःच चालीच्या मालकांपैकी एक. अक्षर वाढलं तर सूर फोडायला परवानगी कुणाची मागायची? म्हणून हा प्रयोग इतरांसाठी नमुना म्हणून धरू नये.

आपल्याला चालीवर शब्द बसवणं नवं नाही. किर्लोस्करांनी 1880 च्या 'शाकुंतला'त लोकांच्या कानात असलेल्या चाली घेऊनच पदं रचली. पण पुलंनी 1978 ला 'तीन पैशाचा तमाशा' केला तेव्हा ब्रेश्टचं नाटक घेऊन घाटच बदलला. स्वीडिश 'चेस'ने घाट आणि चाल दोन्ही ठेवून शब्द बदलले, ते जास्त जिकिरीचं.

मराठीत करून बघा. 'आय नो हिम सो वेल'ला 'ओळखते त्याला' बसतं, पाच अक्षरं (बोलताना 'ओ-ळख्-ते-त्या-ला'). गळ्याला 'ला' तर सुरेखच. पण सगळ्यात लांब सूर पडतो विभक्तीच्या प्रत्ययावर! ऐकणाऱ्याला वाटेल बाई 'ला-ला-ला' करतेय. 'मला तो ठाऊक' केलं तर अर्थ टोकाला राहतो, पण मिटलेल्या 'ऊक'वर लांब सूर धरणं कठीण. स्वीडिशने इथे अर्थ थोडा सोडला: 'मी त्याला ओळखते'चं 'त्याला काय हवंय ते मला कळतं' केलं. माझ्या मते हा तोटा नाही. दोन बायका एकाच पुरुषाबद्दल गाताना 'ओळखते'पेक्षा 'त्याला काय हवंय' जास्त बोचतं.

काळी पाच
'ला' वर मुरकी घेतली की झालं. (पळतो.)

मात्रावृत्त
पळाच.

अवांतर: मराठीत आणखी एक कुलूप आहे. स्वीडिशमध्ये 1970 च्या आसपासपासून जवळपास सगळे सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू' म्हणतात. मराठीत मोलोकोव (अनातोलीवर लक्ष ठेवणारा सरकारी माणूस) त्याला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? माझ्या डोक्यात तो चारचौघांत 'तुम्ही' म्हणतो, आणि धमकी देताना 'तू'वर येतो. आणि फ्लोरेन्स अनातोलीला कुठल्या ओळीपासून अरे-तुरे करते? स्वीडिश प्रेक्षकाला हा प्रश्न पडतच नाही, आपल्याला तिथेच अर्धं नाटक मिळेल.

अडीच घरं
चांगला मुद्दा, पण मूळ वाद राहिलाच. एक विचारतो: इथल्या बहुतेकांचं मत 2003 च्या चित्रीकरणावरून बनलेलं असणार. कॅमेरा स्वेतलानाच्या चेहऱ्यावर गेला की कोणतंही पद हृदयद्रावक होतं. सिर्कुस ही 1892 ची गोल इमारत, सर्कशीसाठी बांधलेली, सुमारे 1600 खुर्च्या. मागच्या रांगेतून डोळ्यातलं पाणी दिसतं का? तिथून दिसतो पट, माणसांची मांडणी आणि समूहगान. म्हणजे मी म्हणतो ते.

विंगेतून
गोल इमारतीत मागची रांग लांब नसते हो, उंच असते. वरून पाहणाऱ्याला जमीन पूर्ण दिसते, त्यामुळे मांडणी वाचता येते हे खरं. पण पद डोळ्यांनी नाही, कानांनी पोचतं, आणि मायक्रोफोन चेहऱ्यालाच असतो.

तिसरी घंटा
@अडीच घरं, कॅमेऱ्याचा मुद्दा अर्धा मान्य. पण मग लंडनबद्दलची आपली मतं तरी कशावर? अल्बमवर. तिथे तर चेहराही नाही न् पटही नाही.

जाता जाता एक तक्रार माझीही. नाव. 'चेस पो स्वेन्स्का', म्हणजे 'स्वीडिशमध्ये चेस'. एवढं सगळं भाषांतर केलं आणि पाटीवर शब्द इंग्रजीच! त्यांचा स्वतःचा 'शाक' आहे, खेळाला तोच शब्द आणि शह द्यायलाही तोच, आणि आपल्या 'शह'चा सख्खा चुलत भाऊ.

अडीच घरं
चला, एका गोष्टीवर एकमत. बरोबरी मान्य करत नाही मात्र. रात्री जेवण झाल्यावर स्वेतलानाच्या पदावर वेगळं लिहितो.