होम स्टडी 'निरोगी मुला'साठी मंजूर, पण आम्हाला ऐकू न येणारी मुलगी दत्तक घ्यायची आहे

सायली:
आम्ही दोघंही अमेरिकेचे नागरिक, ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारक. कारा या भारत सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत भारतातून दत्तक घेतोय. आय-८००ए (पालक म्हणून पात्रतेचा अमेरिकेचा अर्ज) मंजूर झालाय, पण होम स्टडीत (सोशल वर्करने आमच्या घराची पाहणी करून लिहिलेल्या अहवालात) 'निरोगी किंवा उपचारांनी पूर्ण बरं होणारं मूल' असं लिहिलंय. मध्यंतरी विशेष गरजा असलेल्या मुलांमधल्या एका अडीच वर्षांच्या मुलीची माहिती वाचली. वैद्यकीय अहवालात एवढंच आहे: 'आवाजाला प्रतिसाद नाही, बेरा चाचणी करावी.' (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, ते पाहणारी ही चाचणी.) अभ्यास अहवालात मात्र लिहिलंय की सांभाळणाऱ्या मावशींचा पदर ओढून ती त्यांना नळापाशी नेते आणि पाणी मागते. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

एजन्सी म्हणते, आमची मंजुरी या मुलीला लागू होत नाही. नात्यातले एकजण सुचवतात की आधी भारतात दत्तक आदेश घ्या, अमेरिकेचे कागद मागाहून होतील. काय करावं?

अनघा:
सायली, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: असं अजिबात करू नका. दोन्ही देश आंतरदेशीय दत्तकाच्या १९९३च्या हेग करारात आहेत आणि त्यात क्रम ठरलेला आहे. मुलाचे अहवाल स्वीकारायचे, मग आय-८०० (त्या ठरलेल्या मुलासाठीचा अमेरिकेचा अर्ज) भरायचा. त्याला तात्पुरती मंजुरी आली आणि व्हिसाचा अर्ज झाला की अमेरिकेचा दूतावास कराराच्या कलम ५ चं पत्र (दत्तक पुढे न्यायला अमेरिकेची संमती) देतो. त्यानंतर काराचं ना-हरकत पत्र, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. (सप्टेंबर २०२२पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. जुन्या लेखांमध्ये न्यायालय लिहिलेलं असतं, तिथे गोंधळू नका.) आदेश आधी घेतलात तर व्हिसाची वाट तिथेच अडू शकते, आणि मूल कायद्याने तुमचं असूनही तुमच्याजवळ नसेल.

आता मंजुरीचं. अमेरिकेचं सरकार तुम्हाला सरसकट 'पालक' म्हणून मंजूर करत नाही. होम स्टडीत ज्या मुलाचं वर्णन आहे, त्या मुलासाठी मंजूर करतं. वर्णन बदललं की सुधारित होम स्टडी करून आय-८००ए चं पुरवणी-३ भरायचं. नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

पण ती सुधारणा 'आम्ही विशेष गरजा असलेलं मूल स्वीकारू' अशा एका ओळीत उरकू देऊ नका. आमच्या मुलाला स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे. सोशल वर्करने आम्हाला विचारलं, कॅथेटर (लघवी काढायची नळी) कोण लावणार? शाळेत असताना कोण? तुम्ही आजारी पडलात तर? मी लावायला शिकले, नवरा शिकला, आणि ते अहवालात तसंच आलं. तुमच्या बाबतीत श्रवणतज्ज्ञ कोण, कॉक्लियर इम्प्लांटचा (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा) खर्च तुमचा विमा उचलतो का, खुणांची भाषा घरात कोण कोण शिकतंय, हे सगळं त्यात येऊ द्या. मंजुरी देणाऱ्याला तुमची तयारी डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. आणि खरं सांगते, ते लिहिता लिहिता आमचीही तयारी झाली.

मिलिंद:
मी वाचाश्रवणतज्ज्ञ आहे. 'प्रतिसाद नाही' यावरून काहीच ठरवू नका. बेरा झाल्याशिवाय बहिरेपण किती हे कळत नाही, आणि इम्प्लांटचा विचार करायचा तर आतल्या कानाचं आणि श्रवणचेतेचं स्कॅनही लागतं. एजन्सीतर्फे संस्थेकडे बेराची मागणी लेखी करा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांमध्ये इम्प्लांट जितकं लवकर तितकं बोलणं चांगलं येतं, म्हणून कागदपत्रं होईपर्यंत तिला श्रवणयंत्र लावता येईल का, तेही आत्ताच विचारा. तोवर पालक संस्था आहे, निर्णय त्यांचा, पण विचारल्याशिवाय ही गोष्ट मागे पडते. खुणा मात्र कशासाठीही थांबवायच्या नाहीत. पदर ओढून नळापाशी नेणारी मुलगी संवाद करतेच आहे, तिला फक्त भाषा हवीय.

सायली:
दोघांचेही मनापासून आभार. बेराची मागणी आजच पाठवते. एक शंका: होम स्टडी सुधारेपर्यंत तिला दुसऱ्या कुटुंबाने निवडलं तर?

अनघा:
तसं होऊ शकतं, आणि ते थांबवायचा हक्क आपल्याला नाही. भारतात राहणाऱ्या कुटुंबाला ती मिळाली तर कायद्याला तेच आधी हवंय. पण अपंगत्व असलेल्या मुलांना देशात घर मिळणं अवघड जातं, म्हणूनच बाल न्याय कायद्याच्या कलम ५९ मध्ये आंतरदेशीय दत्तकासाठी अशा मुलांना, भावंडांना आणि पाच वर्षांवरच्या मुलांना प्राधान्य देता येतं. त्यामुळे धीर सोडू नका, पण उशीरही करू नका. या आठवड्यातच सोशल वर्करची वेळ घ्या.

आणि त्याच भेटीत दत्तकोत्तर अहवालांचंही बोलून घ्या. मूल घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी ते भारतात पाठवायचे असतात. आमचे अहवाल जिने केले तिला स्पायना बिफिडाची माहिती होती, त्याचा फार आधार झाला. ऐकू न येणाऱ्या मुलांसोबत काम केलेली सोशल वर्कर तुमच्या एजन्सीकडे आहे का, ते विचारा.