महाग हेडफोनमधला फरक सामान्य श्रोत्याला खरोखर ऐकू येतो का?

सांजश्रोता

नमस्कार. माझ्याकडे फोनला जोडायचे साधे तारेचे हेडफोन आहेत आणि त्यांच्याविषयी माझी खास तक्रार नव्हती. अलीकडे एका मित्राचे, किमतीने सुमारे दहापट असलेले, हेडफोन लावून एक ठुमरी ऐकली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. डग्ग्याची घुमक इतकी भरीव मला आधी कधी जाणवली नव्हती आणि दोन ओळींच्या मध्ये गायिकेने घेतलेला श्वासही स्पष्ट ऐकू आला. घरी येऊन तीच ठुमरी माझ्या हेडफोनवर लक्षपूर्वक ऐकली, तर तो श्वास तिथेही होताच. घुमक मात्र तशी नव्हती. मी संगीत शिकलेलो नाही आणि ध्वनिमुद्रणाशीही माझा संबंध नाही. माझ्यासारख्याला जाणवलेला हा फरक कितपत खरा आणि कितपत वस्तू महाग आहे हे आधीच ठाऊक असल्याचा परिणाम, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कानसेन

घुमकेचा फरक बहुधा खरा असावा, पण त्याचे श्रेय किमतीला देण्याची घाई करू नये. हेडफोनचा आवाज कसा वाटतो हे सर्वांत जास्त एका गोष्टीवर ठरते: खर्जापासून तार स्वरांपर्यंतच्या कोणत्या वारंवारता तो किती जोराने ऐकवतो, म्हणजेच त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. ध्वनिसंशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी 2017 साली 283 हेडफोनची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा किंमत आणि हा प्रतिसाद यांत कोणताही संबंध आढळला नाही. महागांत बेताल बेस असलेले निघतात आणि स्वस्तांत समतोल असलेलेही निघतात.

आता 'सामान्य श्रोता' या मुद्द्याकडे वळतो, कारण माझ्या मते या प्रश्नाचा गाभा तोच आहे. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी 2003 साली प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांची तुलना प्रसिद्ध केली होती. ती लाउडस्पीकरवर होती, हेडफोनवर नव्हती, तरी तिचा निष्कर्ष इथे उपयोगी आहे. दोन्ही गटांची पसंती एकाच क्रमाने लागली. अप्रशिक्षितांच्या गुणांकनात सातत्य कमी होते आणि ते गुण देताना जास्त उदार होते, इतकाच फरक. सामान्य माणसाला चांगले-वाईट कळत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पुढे ऑलिव्ह आणि त्यांच्या हरमन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीतील सहकाऱ्यांनी हेडफोनसाठी एक युक्ती योजली. वेगवेगळ्या हेडफोनचे मोजलेले प्रतिसाद इक्वलायझरच्या (वारंवारतांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने एकाच हेडफोनमधून ऐकवायचे, जेणेकरून वजन, स्पर्श आणि कंपनीचे नाव यांपैकी कशाचाच सुगावा श्रोत्याला लागू नये. अशा प्रयोगांतून श्रोत्यांना सर्वसाधारणपणे आवडणारा जो आराखडा पुढे आला, त्यात खालच्या टोकाला थोडा वाढीव बेस आणि 3000 हर्ट्झच्या आसपास उंचवटा असतो. हा उंचवटा मनमानी नव्हे. मोकळ्या जागेत ऐकताना कानाची नळीच त्या पट्ट्यातला आवाज वाढवते, म्हणून हेडफोनलाही तो राखावा लागतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या श्रोत्यांच्या वर्गीकरणात सुमारे 64 टक्के लोकांनी हा आराखडा पसंत केला. उरलेल्यांपैकी काहींना बेस अधिक हवा होता, तर काहींना कमी. म्हणजे ज्याने आपल्याला भारावून टाकले तो हेडफोन आपल्या शेजाऱ्याला ढोल वाटू शकतो.

खर्जप्रिय

कानसेन यांचे बहुतेक मुद्दे मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. 283 हेडफोनच्या त्या अभ्यासात फक्त फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच मोजला गेला. दोन्ही कानांकडचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे भाग, एकमेकांशी किती जुळतात, गाद्या डोक्यावर किती दाब देतात, उंच आवाजात बेस फाटतो का, याविषयी तो काहीच सांगत नाही. दोन बाजू नीट जुळलेल्या नसतील, तर मधोमध असायला हवा तो गायकाचा आवाज एका बाजूला सरकतो, आणि ही गोष्ट अगदी अप्रशिक्षित माणसालाही खटकते. मागची बाजू उघडी असलेल्या हेडफोनमध्ये आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, हा अनुभवही बहुतेकांना पहिल्याच गाण्याला येतो, मग प्रतिसादाचा आलेख कसाही असो.

असे असूनही किमतीच्या बाजूने फार बोलावे असे मला वाटत नाही. कॉसचा पोर्टा प्रो 1984 पासून आणि सेनहायजरचा एचडी 600 हा 1997 पासून बाजारात आहे, आणि जाणकार आजही या दोघांचीही शिफारस करतात. पहिला स्वस्तात मोडतो, दुसरा नाही. इतकी वर्षे जुनी रचना आजही टिकते, यावरून दर वर्षी येणाऱ्या नव्या महाग मॉडेलमध्ये ध्वनीची किती भर पडत असेल याचा अंदाज करावा. एचडी 600 ची इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अवरोध, 300 ओहम इतकी जास्त असल्यामुळे बहुतेक फोनवर त्याचा आवाज हवा तितका चढत नाही, हेही लक्षात असू द्यावे. नाहीतर चांगली वस्तू आणून ती उगाच मवाळ वाटते.

सांजश्रोता

दोघांचेही आभार. मग खरेदीपूर्वी स्वतःची खात्री करून घ्यायची असेल, तर ती कशी करावी? दुकानात दोन हेडफोन पाठोपाठ लावून पाहणे पुरेसे आहे का?

मोजपट्टी

पुरेसे नाही, आणि त्याचे मुख्य कारण आवाजाची पातळी हे आहे. दोन हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असल्याने फोनवरची पातळी तीच ठेवूनही एक दुसऱ्यापेक्षा मोठा वाजतो, आणि थोडासा मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले होते की हळू आवाजात कानाला खर्ज तुलनेने कमी ऐकू येतो. त्यामुळे मोठा वाजणारा हेडफोन आपोआप जास्त भरीव भासतो. आपल्या ठुमरीतल्या घुमकेत याचा वाटा किती होता, हे पातळी जुळवल्याशिवाय सांगता येणार नाही. कानाने जुळवणूक काटेकोर होत नाही, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून, मोठ्या वाटणाऱ्याचा आवाज एकेक पायरी खाली आणत गेल्यास बरीच जवळ येते. त्यानंतरच मत बनवावे.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे आणि ती आपल्या जुन्या हेडफोनवर आजच करता येईल. गाणे चालू असताना दोन्ही गाद्या तळव्यांनी हलकेच कानांवर दाबाव्यात. बेस एकदम वाढला, तर गादी आणि त्वचा यांच्यामध्ये फट आहे आणि तिच्यातून खर्ज निसटतो आहे, असे समजावे. चष्म्याची काडी, दाट केस किंवा चपटी झालेली गादी यांमुळे असे घडते. कानात घालायच्या इअरफोनमध्ये तर चुकीच्या मापाचा रबरी टोक बसवला की निम्मे संगीत नाहीसे होते, मग तो कितीही महाग असो.

डोळ्यांवर पट्टी बांधून तुलना करावी, असा सल्ला अनेक जण देतात. हेडफोनच्या बाबतीत मला तो अर्धवट वाटतो, कारण वजन आणि स्पर्श यांवरून कोणता हेडफोन लावला आहे हे लगेच कळते. हीच पद्धत फाइलच्या दर्जाची किंवा डॅकची (डिजिटल फाइलचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणाची) तुलना करायला मात्र उत्तम आहे. दोहोंपैकी कोणते वाजते आहे हे न पाहता 16 वेळा ओळखायचे ठरवले, तर नुसत्या अंदाजाने 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 4 टक्केच असते, त्यामुळे तितके साधले तर फरक ऐकू येतो असे मानायला हरकत नाही.

कानसेन

मोजपट्टी यांच्या उत्तरात एवढीच भर घालतो की फट नाही याची खात्री झाल्यावर फोनमधल्या इक्वलायझरने 100 हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबलने उचलून तीच ठुमरी ऐकावी. घुमक तेवढ्याने भरली, तर आपल्याला हवा होता तो फरक फुकटात मिळाला. नाही भरली, आणि मित्राच्या हेडफोनवर पातळी जुळवूनही ती टिकली, तर खुशाल खरेदी करावी. फक्त त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.