बारापासॉरस: ‘बारा’ म्हणजे किती?

(शब्दखूण, गारगोटी आणि मणका ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

प्रश्न: सिरोंच्याकडच्या जीवाश्मांवर एक लेख वाचला. त्यात बारापासॉरस या डायनोसॉरच्या नावाचा ‘बारा पायांचा सरडा’ असा अर्थ दिलाय आणि तो ‘कोटा दगडात’ सापडला असंही लिहिलंय. दोन्ही पटत नाही. कोटा तर राजस्थानच्या फरशीचा ना?

शब्दखूण: बारा पाय हा निव्वळ मराठी डोळ्यांना झालेला भास. नाव बंगाली वळणाचं आहे: मोठा तो ‘बडो’, पाय तो ‘पा’. रोमन लिपीत ‘ड’चा ‘र’ झाला आणि देवनागरीत परतताना तो तसाच राहिला. मांडीचं एक हाड १.७ मीटरहून लांब निघालं, म्हणून हे नाव. दाराच्या चौकटीशी धरलं तर वर थोडीशीच जागा उरेल. ‘सॉरस’ म्हणजे ग्रीकमध्ये सरडा, आपल्याकडचा ‘सरट’. पूर्ण शास्त्रीय नावातलं पुढचं ‘टागोरी’ रवींद्रनाथांसाठी: खोदकाम सुरू झालं तेव्हा त्यांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, १९६१. शास्त्रीय नामकरण मात्र १९७५ चं.

गारगोटी: कोटा हे गाव सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठी. त्याच्यावरून ‘कोटा शैलसमूह’, म्हणजे एका काळात साचलेल्या थरांचा गट; काळ जुरासिक. राजस्थानची फरशी विंध्य खडकांतली, पृष्ठवंशी प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीची. तिच्यात हाड शोधणं व्यर्थ. घोटाळा वाढतो तो आपल्या कोट्यातही चुनखडक असल्यामुळे. पण त्या चुनखडकात मुख्यतः मासे मिळतात. त्यांतल्या लेपिडोटीस या माशाचे खवले शंकरपाळ्यासारखे चौकोनी आणि अजून चकचकीत असतात. बारापासॉरसची हाडं त्याखालच्या वाळूखडकाच्या आणि मातकट थरांतली, आणि तीही नदीपलीकडे तेलंगणात पोचमपल्लीजवळ. म्हणून ‘कोटा दगडात’ नको, ‘कोटा शैलसमूहात’ लिहा.

प्रश्न: मग ‘सांगाडा सापडला’ हे तरी बरोबर?

शब्दखूण: नाही. सापडली ती सुमारे ३०० सुटी हाडं, किमान सहा प्राण्यांची. कवटी नाहीच, दात तेवढे आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे तो अनेकांची हाडं जुळवून केलेला. त्याला मी ‘जोडसांगाडा’ म्हणेन. ‘सांगाडा’ शब्द एकाच जनावराच्या, निदान बऱ्याचशा जागच्या जागी असलेल्या हाडांसाठी राखून ठेवावा. बाकी सगळे ‘अवशेष’.

मणका: कोट्यात सस्तन प्राण्यांचेही दात आहेत, उदाहरणार्थ कोटाथेरियम. ते हातोडीने मिळत नाहीत, माती धुवून मिळतात. या कामाला मराठीत काय म्हणावं? ‘चाळणे’ कोरड्याचं, ‘गाळणे’ द्रवाचं.

गारगोटी: ‘धुवून चाळणे’. ‘गाळणे’ म्हटलं की खाली उतरतं ते हवंसं वाटतं, इथे वर उरलेलंच हवं. म्हणजे पिठाचा टाकायचा तो कोंडा इथे ठेवायचा. माती आधी कडकडीत वाळवायची, मग रॉकेलमध्ये भिजवायची, रॉकेल ओतून टाकायचं आणि वरून पाणी घालायचं. ढेकूळ आपोआप विरघळतं. फसतं ते ‘वाळवायची’ या शब्दाकडे दुर्लक्ष झालं की: दमट ढेकळात रॉकेल शिरत नाही आणि चाळणीवर चिखलाचे गोळे बसतात. मग बोटांनी चोळायचा मोह होतो, तिथेच दात मोडतात. चाळणीची भोकं अर्धा मिलिमीटर ठेवा, उरलेलं सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली निवडा.

मणका: ‘निवडणे’ चपखल बसलं. तांदळातले खडे काढून टाकतो, इथे खड्यांतून दाणा उचलायचा. आणि ‘मणका’ की ‘कशेरुका’?

शब्दखूण: हातात घेतला तर मणका, पाठ्यपुस्तकात कशेरुका. पण एका लेखात एकच ठेवा, नाहीतर वाचणारा दोन वेगळी हाडं समजतो.